सुरक्षा अधिकारी कुणाच्या पे-रोलवर आहे?

मराठवाड्यातले कारखानदार, संचालक आणि प्लांट हेड मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

परवा ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, तुमच्या गेटवर झेंडा चढला, शपथ झाली, घोषवाक्यांची बक्षिसं वाटून झाली. कामगारांच्या सुरक्षेसाठीची राष्ट्रीय सुरक्षा परिषद (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणजे यंदा साठ वर्षं झाली. वाळूजच्या एका कारखान्यात मलाही पाहुणा म्हणून बोलावलं होतं. प्लांट हेड शपथ वाचत होते आणि त्यांच्यापुढे एक पोरगा माइक धरून उभा होता, कारण माइकचा स्टँड ऐनवेळी सापडला नव्हता. बाकी सगळ्या स्टाफचे शर्ट आकाशी, याचा करडा. शेजारच्या खुर्चीतल्या एचआरच्या मॅडमना विचारलं, हा कोण? म्हणाल्या, "आमचा सेफ्टी ऑफिसर. एजन्सीकडून आहे."

सुरक्षेवर सल्ला देणारी पत्रं तुम्हाला कमी येत नाहीत. हे पत्र त्या करड्या शर्टाबद्दल आहे, आणि थोडं माझ्याबद्दल.

मी डिप्लोमावाला. गाव अंबड तालुक्यात. सरकारी तंत्रनिकेतनातून प्रॉडक्शनचा डिप्लोमा केला आणि पहिली नऊ वर्षं इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून काढली. शॉपवर या हुद्द्याने आम्हाला कुणी ओळखत नाही. सगळे म्हणतात, "घड्याळवाला साहेब आला." क्लिपबोर्डला लावलेलं घड्याळ, एक शीट, एक पेन्सिल. ऑपरेटरच्या मागे उभं राहायचं, त्याच्या प्रत्येक हालचालीचा वेळ टिपायचा, त्याचा वेग कसा आहे त्याला टक्के द्यायचे, वरून थकव्याची आणि इतर सूट मिळवायची आणि ताशी किती पार्ट निघाले पाहिजेत ते लिहून द्यायचं. ज्या दिवशी आपण सेकंद कमी करतो त्या दिवशी आपला पगार वसूल होतो.

२०११ साली मी एका प्रेस शॉपमध्ये होतो, म्हणजे जिथे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे. शंभर टनी प्रेस, गाडीला लागणारा एक छोटा ब्रॅकेट, एका पार्टला ९.६ सेकंद, म्हणजे ताशी ३७५. मला सांगितलं होतं ४५० करून दाखव. बिन डावीकडे कमरेच्या उंचीवर आणला, माल सरकायला घसरण बसवली, तरी ८.९ च्या खाली येईना. मग एका दुपारी पाहिलं तर घड्याळ ८ दाखवत होतं. प्रेसला दोन हातांची बटणं होती. दोन्ही हात बटणावर असतील तरच स्ट्रोक पडावा म्हणून. वायरिंग जुनं, साधं एकामागे एक जोडलेलं. ऑपरेटरने डाव्या बटणात आइस्क्रीमची काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पुढचा पार्ट.

मी ती काडी पाहिली. खोटं कशाला बोलू. पाहिली आणि शीटवर लिहिलं: 'डावा हात: पुढचा पार्ट उचलणे'. पद्धत म्हणून लिहिलं. तीच पुढे स्टँडर्ड झाली आणि ४५० चा बोर्ड लागला. त्या वर्षी मला कायझेनचं, म्हणजे कामात सुधारणा केल्याचं, सर्टिफिकेट आणि बरी पगारवाढ मिळाली.

बोर्ड लागल्यावर सतरा दिवसांनी सेकंड शिफ्टला त्या ऑपरेटरचा डावा हात डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, गेला. गंगाखेडकडचा पोरगा, रांजणगाव शेणपुंजीला चौघांत एक खोली घेऊन राहणारा. मी वेळ टिपायला उभा राहिलो की म्हणायचा, "सायेब, घड्याळ थांबवा की जरा, पानी पिऊन येतो." तर्जनी मुळापासून गेली, मधलं बोट अर्धं गेलं. भरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात आख्खी तर्जनी म्हणजे कमावण्याच्या क्षमतेतली १४ टक्के घट. अंगठा असता तर ३० टक्के. हा तक्ता मी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचला. माझ्याही शीटवर टक्केच असायचे. आज तो पाण्याचे जार पोचवतो आणि मोटारसायकलचा क्लच उरलेल्या दोन बोटांनी दाबतो. भेटतो, बोलतो. त्या काडीबद्दल दोघंही बोलत नाही.

त्यानंतर मी तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा केला आणि घड्याळ सोडून सेफ्टीत आलो. पगार कमी झाला. घरच्यांना वाटलं मला कामावरून काढलंय आणि मी लपवतोय. सासऱ्यांनी तर हळूच विचारलं, "काही लफडं झालं का कंपनीत?"

तुम्ही धंदा करता, तेव्हा हे हिशोबाच्या भाषेत मांडतो. घड्याळवाल्याने ताशी ७५ पार्ट वाढवले की ते महिन्याच्या अहवालात दिसतात. सेफ्टीवाल्याने एक हात वाचवला तर अहवालात काहीच दिसत नाही. जे घडलंच नाही ते दिसणार कुठे? त्यात आपली विम्याची व्यवस्था अशी की चूक महाग पडत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के. वर्षभरात एकही बोट तुटलं नाही तरी ३.२५, दहा तुटली तरी ३.२५. मोटारीच्या विम्याला निदान नो-क्लेम बोनस असतो. मग घड्याळवाल्याची शिडी मॅनेजर, ऑपरेशन्स, प्लांट हेड अशी वर जाते आणि सेफ्टीवाला दोन पायऱ्या चढून एचआरच्या केबिनबाहेर थांबतो, यात नवल नाही. तुमच्यातले कितीतरी प्लांट हेड कधीकाळी घड्याळवालेच होते. सेफ्टीतून प्लांट हेड झालेला माणूस मला वीस वर्षांत एक भेटला, तोही गुजरातेत.

करड्या शर्टाच्या मुलाशी नंतर कँटीनमध्ये बोललो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पाच वर्षं लाइनवर सुपरवायझर, मग रजा काढून, कर्ज काढून सुरक्षेचा डिप्लोमा. हातात १९,४०० येतात. नेमणुकीचं पत्र अकरा महिन्यांचं, तेही मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या लेटरहेडवर. त्याच्याच बॅचचा मुलगा त्याच शॉपवर लाइन इंजिनिअर आहे, कंपनीच्या रोलवर, ३१ हजारांवर. हा दिवसभरात काय करतो ते त्याने बोटांवर मोजून सांगितलं: गेटपास, कँटीनच्या तक्रारी, बसचे रूट, पाहुणे आले की हेल्मेट वाटणं, दिवाळीत मिठाईचे बॉक्स मोजून घेणं. "आणि सेफ्टी?" म्हटलं. "ती उरलेल्या वेळात, सर."

आता नियम बघा. महाराष्ट्रात सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी १९८२ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांत तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. हा माणूस थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करील. त्याचा पगार आणि भत्ते त्याच दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांइतके असतील. आणि सुरक्षेच्या कामाशी ज्याचा संबंध नाही किंवा जे त्या कामाच्या आड येतं, असं दुसरं काम त्याला देता येणार नाही. मिठाईचे बॉक्स यातल्या कुठल्या कलमात बसतात ते तुमच्या कायदा सल्लागाराला जरूर विचारा.

असे नियम का झाले असतील? पगाराचा आकडा हा इथे फक्त पगाराचा प्रश्न नाही. या माणसाचं काम आहे मशीन थांबवणं. रात्री दोन वाजता टाकी साफ करायला माणूस उतरवायचाय, डिस्पॅचची गाडी उभी आहे, प्रॉडक्शन मॅनेजर फोनवर ओरडतोय. गॅस मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर असल्याशिवाय परमिटवर सही करायची नाही, हे त्याला पाठ आहे. पण ज्याला 'नाही' म्हणायचं तोच उद्या सकाळी ठेकेदाराला फोन करून "दुसरा पाठव" म्हणू शकतो. मग सही होते. परमिटचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, आकडे अंदाजाने भरलेले असतात आणि मीटर कपाटात चार्जिंगला लावलेला असतो. मी हे पाहिलंय. त्या पोराला भित्रा म्हणायची माझी छाती होत नाही. मी स्वतः काडी पाहून गप्प बसलो होतो, आणि मी तर कंपनीच्या रोलवर होतो.

तुमच्यातले काही म्हणतील, इन्स्पेक्टर आहेत ना. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या माणसांना कामाची जाण असते आणि त्यांची संख्या किती आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांची नवी संहिता लागू झाली. तिच्यात निरीक्षक आता 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' झालाय आणि तपासणीला कुठे जायचं ते संगणकाने निवडायची सोय आहे. जुन्या पद्धतीबद्दल मी गळा काढणार नाही. वही, चहा आणि पाकीट हा क्रम मीही पाहिलाय. पण बाहेरचा डोळा जितका क्वचित येणार तितका आतल्या डोळ्यावर भार वाढणार, एवढं गणित साधं आहे. त्याच संहितेने सुरक्षा अधिकारी नेमायची मर्यादा हजार कामगारांवरून पाचशेवर आणली. धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशे. म्हणजे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, कृष्णूर मिळून तुम्हाला लवकरच बरीच माणसं लागणार आहेत. त्यात बिडकीनला टोयोटा, एथर, जेएसडब्ल्यू यांचे मोठे प्रकल्प जाहीर झालेत. ते आले की पहिल्यांदा तुमचीच शिकलेली माणसं उचलतील.

"माणसं मिळत नाहीत, मिळतात ती सर्टिफिकेटवाली," ही तुमची तक्रार मी ऐकलीय आणि ती निम्मी खरी आहे. सहा शनिवार-रविवारमध्ये सेफ्टीचा कोर्स देणारे गाळे गल्लोगल्ली झालेत. मुलाखतीला आलेल्या एकाला विचारलं, प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे हात आड आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, किती अंतरावर बसवशील? म्हणाला, "सर, जिथे जागा असेल तिथे." यावर हसायला हरकत नाही, पण उत्तर बघा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. माणसाचा हात सेकंदाला १६०० मिलिमीटर वेगाने पुढे येतो असं धरतात. प्रेस थांबायला किती वेळ घेते ते मोजायचं आणि गुणायचं. पाव सेकंद लागत असेल तर ४०० मिलिमीटर, आणि कर्टनच्या किरणांत जितकी फट जास्त तितकं अंतर आणखी वाढवायचं. पिन क्लचची जुनी प्रेस असेल तर ती मध्येच थांबतच नाही, एकदा सुटली की पूर्ण फेरी मारणार, म्हणजे तिथे कर्टन ही नुसती शोभा. तिला जाळीचा गार्डच हवा, हात शिरणारच नाही असा.

हे सगळं कशाचं गणित आहे? घड्याळाचं. ज्या घड्याळाने मी दीड सेकंद कापला त्याच घड्याळाने तो हात वाचला असता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तक्त्यात पुरुष कामगाराला वैयक्तिक गरजेची ५ टक्के आणि मूळ थकव्याची ४ टक्के सूट आहे, उष्णता, ओझं, आवाज यांची सूट त्यावर वेगळी. मे महिन्यात जालन्याच्या भट्टीपुढे किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ती किती द्यायची, हा उत्पादनाचा प्रश्न आहे की सुरक्षेचा? आमच्या शीटवर उष्णतेच्या रकान्यात शून्य लिहायची पद्धत होती. दोन्ही कामं एकाच विद्येची. मुंबईच्या नीटीमध्ये, जी आता आयआयएम मुंबई झाली, दोन्हीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम एकाच आवारात शिकवले गेलेत. वेगळी केलीत ती तुम्ही, पगारपत्रकावर.

जालन्याचं नाव आलं म्हणून थोडं विषयांतर करतो. इंडक्शन भट्टीत भंगार जातं. त्यात ओला माल गेला किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, शॉक अॅब्सॉर्बर असं काही गेलं तर आत वाफ किंवा दाब तयार होऊन वितळलेलं लोखंड उडतं, हे भट्टीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणजे भट्टीवर उभ्या असलेल्या सगळ्यांचा जीव भंगार निवडणाऱ्या माणसाच्या नजरेवर आहे. त्या माणसाचा पगार तुमच्या पूर्ण कारखान्यात कितव्या नंबरवर आहे ते एकदा काढून बघा. मी बघितलाय, खालून पहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून जास्त कामगार जखमी झाले. तिथे नेमकं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर किती कारखान्यांनी भंगार निवडणाऱ्याची जागा हेल्परमधून काढून कुशल कामगारात घातली, हे तुम्हीच एकमेकांना विचारा.

आता छोट्या युनिटांचं. तीस, साठ, शंभर माणसांचे प्रेस शॉप, प्लास्टिकवाले, पॅकिंगवाले. यांना पाचशेचा नियम लागत नाही, अडीचशेचाही नाही, आणि बोटं मात्र बहुतेक इथेच तुटतात. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार गेले. हातमोजे, म्हणजे हात वाचवायची वस्तू. कामाच्या जागी माणसं झोपतात, दार एकच आहे, हे ओळखायला पदवी लागत नाही. पण महिन्यातून दोनदा कुणीतरी आत येऊन बघावं लागतं आणि त्याने बघितलेलं मालकाला ऐकावं लागतं.

एकट्या छोट्या युनिटाला पूर्ण पगाराचा सुरक्षा अधिकारी परवडणार नाही, हे मला मान्य आहे. मग पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एक ठेवा. सोमवारी या गाळ्यात, मंगळवारी त्या. पगार तुमच्या उद्योजक संघटनेच्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे एका मालकाचं तोंड वाकडं झालं म्हणून त्याची नोकरी जाणार नाही. आणि मोठ्या कंपन्यांनो, ज्यांच्यासाठी हे पार्ट बनतात, त्या पगारातला अर्धा भार तुम्ही उचला. व्हेंडरच्या दरात पैसे-दोन पैसे कापायला तुम्ही घड्याळवाले पाठवता, मला पाठवलं होतं, म्हणून माहीत आहे. त्याच गाडीतून सेफ्टीवाला पाठवायला पेट्रोल जास्त लागत नाही.

स्वतःच्या कारखान्यात काय करायचं तेही सांगतो, मागणी म्हणा. सुरक्षा अधिकारी कंपनीच्या रोलवर घ्या, प्रॉडक्शन इंजिनिअरच्याच ग्रेडला. बदली किंवा कमी करायचं असेल तर सही फक्त कारखान्याच्या प्रमुखाची चालेल, प्रॉडक्शनची नाही. काम थांबवायचा अधिकार त्याच्या नेमणूकपत्रात दोन ओळींत लिहा. भिंतीवरच्या धोरणात तो आहे, पण भिंत नोकरी वाचवत नाही. आणि एक माझ्या अनुभवातून: कुठलीही टाइम स्टडी, म्हणजे घड्याळवाल्याची वेळेची शीट, स्टँडर्ड व्हायच्या आधी तिच्यावर सेफ्टीची सही घ्या, आणि घड्याळवाल्याला बढती द्यायच्या आधी त्याला वर्षभर सेफ्टीत ठेवा. वर्षभर पंचनामे लिहिलेला माणूस काडी पाहून 'पद्धत' लिहीत नाही. सेफ्टीतल्या चांगल्या पोरांनाही उलट्या वाटेने घड्याळाकडे, तिथून ऑपरेशन्सकडे जाऊ द्या. वर जायची वाट दिसली तरच चांगली मुलं या कामात येतील. नाहीतर सहा शनिवारवाले येतील आणि तुमची तक्रार उरलेली निम्मीही खरी होईल.

खर्च काढलाय मी. त्या करड्या शर्टाला त्याच्या बॅचमेटच्या बरोबरीला आणायचं तर महिन्याला अकरा-बारा हजार. ठेकेदाराचं कमिशन वाचेल ते वेगळं. परवाच्या कार्यक्रमाला मंडप, फ्लेक्स, टी-शर्ट आणि आमच्यासारख्या पाहुण्यांच्या शाली धरून किती झाले, ते अकाउंट्सला विचारलंत तर वर्षाचा हिशोब तिथल्या तिथे लागेल. माझी शाल मी परत करायला तयार आहे.

त्या मुलाचा काल फोन आला होता. दहेजच्या एका केमिकल कंपनीत निवड झाली, कंपनीच्या रोलवर, पगार दुप्पट. पंधरा तारखेला निघतोय. आईला गुजरात लांब वाटतंय. म्हणाला, "सर, इकडं कुणी बावीस-पंचवीस दिले असते तरी थांबलो असतो." त्याच्या जागेची जाहिरात आजच एका ग्रुपवर फिरतेय. पद सेफ्टी ऑफिसर, अनुभव पाच वर्षं, पगार १९ हजारांपर्यंत, एजन्सीमार्फत. खाली ठळक अक्षरात लिहिलंय: गेटपास व कँटीनचे काम पाहावे लागेल, स्वतःची दुचाकी आवश्यक.

आपला,
एक जुना घड्याळवाला
वाळूज, छत्रपती संभाजीनगर